द्राक्षावर संशोधन करणाऱ्या मुलांना दर महिन्याला पैसे मिळालेच पाहिजेत

गेल्या वर्षी गोडी छाटणीच्या (फळासाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीच्या) आधी आमच्या शेडमध्ये एक मुलगी काड्यांची जुडी घेऊन बसली होती. द्राक्षावर पीएचडी करत होती. तिने ब्लेडने काडीवरच्या डोळ्याचा, म्हणजे कोंब फुटतो त्या कळीचा, पातळ काप घेतला, मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि म्हणाली, "काका, या, बघा." डोळ्याच्या आत इवलासा घड बसलेला होता. डोळे तपासणीचा रिपोर्ट मी दरवर्षी आणतो, पण न फुटलेला घड स्वतः पाहिला तो त्या दिवशी.

आमचा थॉम्पसन जातीच्या द्राक्षाचा अर्धा प्लॉट डॉगरीज खुंटावर (ज्या मुळाच्या झाडावर कलम करतात तो खुंट) आहे, अर्धा ११० आर या खुंटावर. कोणत्या खुंटावर घड जास्त जिरतो, म्हणजे वाढायच्या आधीच नाहीसा होतो, याच्या ती झाडागणिक नोंदी ठेवत होती. दोन हंगाम झाले. तिसऱ्याला ती आली नाही. अकरा महिने शिष्यवृत्ती जमा झाली नव्हती, घरी धाकटा भाऊ शिकतोय. तिने औषध कंपनीत नोकरी धरली. मी तिला कसा दोष देऊ?

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नव्या काड्या येण्यासाठीच्या छाटणीनंतर) काडीत घड बसतो, तो दिसतो गोडी छाटणीनंतर आणि क्रेटमध्ये येतो फेब्रुवारी-मार्चला. म्हणजे एका प्रश्नाला एक अख्खं वर्ष. त्यात एक वर्ष अवकाळी, एक कोरडं. तीन हंगाम नोंदी नसतील तर फरक पावसाने पडला की खुंटाने, हे कोण सांगणार? तिच्या दोन वर्षांच्या वह्या म्हणूनच अर्ध्यावर राहिल्या.

२०१० आठवा. घडनिर्मितीसाठी आपण वर्षानुवर्षं सीसीसी, म्हणजे वेलीचा जोम आवरणारं रसायन, मारत होतो. त्याचे अंश युरोपात सापडले आणि माल अडकला. किती घरं हलली त्या वर्षी! डॉगरीजचा जोम दुसऱ्या कुठल्या मार्गाने आवरता येईल, हाच तर या पोरीचा विषय होता.

वाइनच्या द्राक्षाचंही तेच. फ्रान्समध्ये माल पिकतो तेव्हा हवा गार होत जाते. आपल्याकडे नाशिकला काढणी चालू असताना ऊन वाढत जातं, साखर चढते आणि आम्लता झपाट्याने उतरते. तिकडच्या पुस्तकातली काढणीची वेळ इथे कशी लागू पडणार? ते इथल्याच बागेत, इथल्याच वायनरीत कुणीतरी शोधायला हवं.

ऑस्ट्रेलियात बागायतदार आणि वायनरी मालावर लेव्ही (ठरावीक कर) भरतात, संशोधनासाठी सरकार त्यात भर घालतं आणि 'वाइन ऑस्ट्रेलिया' त्यातून पीएचडीच्या मुलांना शिष्यवृत्ती देते. आपल्याला का जमू नये? महाराष्ट्रात लाखाहून जास्त हेक्टर द्राक्ष आहे. एकरी १०० रुपये धरले तरी वर्षाला अडीच कोटींच्या आसपास जमतात. केंद्राची जेआरएफ (पीएचडीच्या मुलांची शिष्यवृत्ती) महिना ३७,००० रुपये आहे. त्या हिशेबाने प्रवास आणि प्रयोगशाळेचा खर्च धरूनही चाळीसेक मुलं सांभाळता येतील. डावणी या बुरशीच्या रोगाच्या एका फवारणीला एकरी १०० रुपयांपेक्षा कितीतरी जास्त जातात, हे तुम्हालाही माहीत आहे.

फक्त अट एकच, पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला थेट मुलांच्या खात्यावर, आणि पूर्ण तीन हंगाम.

माझे सहा एकरांचे ६०० रुपये मी बाजूला काढून ठेवलेत. पुढच्या रविवारी गावातल्या बागायतदारांना घरी बोलावलंय. दिंडोरी, निफाडकडचे कुणी येणार असाल तर खाली कळवा. त्या पोरीलाही फोन केलाय. वह्या घेऊन येते म्हणाली.