बांधलेल्या लेस पुन्हा बांधणारी मुलगी

रविवारी पहाटे ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडून वाशीला बहिणीकडे गेले. भाचीची स्केटिंगची बॅच साडेसहाला असते आणि या वेळी मावशीनेच सोडायला यायचं, असा तिचा हट्ट होता. भाची आठ वर्षांची. दिवाळीनंतर स्पीड सोडून आर्टिस्टिकला आली. चार चाकांचे क्वाड स्केट्स, पुढे रबरी टो स्टॉप. बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये असतात तशाच उड्या आणि गिरक्या, इथे सिमेंटच्या कोर्टवर चाकांवर करायच्या.

एका पायावरची गिरकी तिची दोनदा मोडली. सरांनी शिट्टी मारून सगळी बॅच थांबवली. दुसऱ्या एका मुलीला मध्ये बोलावलं आणि तिला तीच गिरकी घ्यायला लावली. मग भाचीकडे वळून म्हणाले, "बघितलंस? ही तुझ्यानंतर आलीय." त्या दुसऱ्या मुलीला गिरकी सुरेख जमली होती, पण थांबल्यावर हसू की नको, हे त्या पोरीला कळेना. भाची रेलिंगपाशी गेली, खाली वाकली आणि लेस बांधायला लागली. लेस बांधलेलीच होती. घरून निघताना मीच घट्ट गाठ मारून दिली होती. ती तिने सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मान काही वर केली नाही.

ते वाकणं मी ओळखते. तीस वर्षांपूर्वी ठाण्यात, नौपाड्यात, माझी मैत्रीण असंच वाकायची.

आमची बॅच एका शाळेच्या मैदानात भरायची. ती माझ्यापेक्षा किती तरी चांगली होती, हे मी तेव्हाही जाणून होते. उडी मारून एका पायावर उतरायची तेव्हा चाकांचा आवाजसुद्धा वेगळा यायचा, खडखड न होता एकच लांब सूर. रविवारी सकाळी आम्ही दोघी तिच्या गॅलरीत बसून बेअरिंग काढायचो, वाटीतल्या रॉकेलमध्ये बुडवायचो, फडक्याने पुसून पुन्हा बसवायचो. हातांना दिवसभर वास राहायचा. आमच्या सरांनी एक फळा ठेवला होता. दर शनिवारी त्यावर सगळ्यांची नावं क्रमाने लिहायचे. ती पहिली, मी दुसरी. मग एका शनिवारी त्यांनी मला पहिलं लिहिलं. मी काही विशेष केलं नव्हतं. तिला "जाग यावी" म्हणून लिहिलं, असं ते माझ्या बाबांना म्हणाले. पुढे कित्येक महिने ते मला तिच्यासमोर उभं करत राहिले.

जानेवारी 1994 मध्ये पेपरात अमेरिकेची फिगर स्केटर नॅन्सी केरिगन हिची बातमी आली. 6 जानेवारीला डेट्रॉइटमध्ये सराव संपवून ती बाहेर पडत असताना एका माणसाने तिच्या पायावर दांडक्याने वार केला. मागे तिची प्रतिस्पर्धी टॉन्या हार्डिंग हिचा आधीचा नवरा आणि त्याची माणसं होती, हे पुढे उघड झालं. आम्ही दोघी मासुंदा तलावाच्या कठड्यावर भेळ खात बसलो होतो आणि माझ्या मैत्रिणीने मला विचारलं, "तू असं करशील का गं?" ती चेष्टा करत नव्हती. तेरा वर्षांची मुलगी आपल्या जिवलग मैत्रिणीला मनापासून हा प्रश्न विचारत होती. त्या उन्हाळ्यात तिने स्केटिंग सोडलं. घरी अभ्यासाचं कारण सांगितलं.

हार्डिंगची गोष्ट आजही "दोन बायकांचं भांडण" म्हणून सांगतात, त्याचा मला फार राग येतो. कट पुरुषांनी रचला, वार पुरुषाने केला. हार्डिंगने तपासात अडथळा आणल्याचा गुन्हा कबूल केला, तिचं राष्ट्रीय विजेतेपद गेलं, जन्माची बंदी आली. तिने जे केलं त्याची बाजू मी घेत नाही. पण हीच मुलगी 1991 मध्ये स्पर्धेत ट्रिपल ॲक्सल, म्हणजे हवेत साडेतीन वेढ्यांची उडी, मारणारी पहिली अमेरिकन बाई ठरली होती. गरिबीतून, दम्याचा त्रास सोसत आलेली. लिलेहॅमरच्या ऑलिंपिकमध्ये ती आठवी आली, केरिगनला रौप्य मिळालं आणि सुवर्ण घेऊन गेली युक्रेनची सोळा वर्षांची ओक्साना बायुल. ज्या दोघींवर जगभरच्या कॅमेऱ्यांची नजर होती, त्यांतली एकही पहिली आली नाही.

पुढे वर्षानुवर्षं हा खेळ टीव्हीवर पाहत राहिले, आणि मला रशियातल्या एतेरी तुतबेरिद्झे या कोचबाईंच्या मुली जास्त छळतात. 2018 च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये येवगेनिया मेदवेदेवा आणि अलिना झागितोवा, दोघी त्यांच्याच. मेदवेदेवा दोन वेळची विश्वविजेती, अठरा वर्षांची, त्याच हंगामात पायाच्या हाडाला चीर पडून परत आलेली. झागितोवा पंधराची. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या, लांब फेरीत, दोघींना अगदी सारखे गुण पडले, 156.65. शॉर्ट प्रोग्रॅममधल्या, म्हणजे पहिल्या, छोट्या फेरीतल्या 1.31 गुणांच्या फरकावर सुवर्ण झागितोवाला गेलं. मेदवेदेवा कोचला सोडून टोरंटोला गेली. आणि झागितोवा? डिसेंबर 2019 मध्ये, सतराव्या वर्षी, तीही स्पर्धांतून थांबली. त्यांचीच त्याआधीची युलिया लिप्नित्स्काया 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्ण जिंकून गेली आणि एकोणिसाव्या वर्षी निवृत्त झाली. तिने ॲनोरेक्सियावर, म्हणजे अन्नच नकोसं होण्याच्या आजारावर उपचार घेतले होते.

यामागे शरीराचं साधं गणित आहे. हवेत चार वेढे घ्यायला अंग हलकं आणि अरुंद लागतं. मुलगी वयात आली, उंची वाढली, कंबर रुंदावली की तीच उडी अवघड होते. एकीचं अंग बदलेपर्यंत मागची तयार असते, आणि हे पुढच्या-मागच्या दोघींना रोज डोळ्यांसमोर दिसत असतं.

17 फेब्रुवारी 2022 ची ती रात्र मी टीव्हीवर पाहिली होती. बीजिंग ऑलिंपिक, तिघी याच कोचबाईंच्या. उत्तेजक चाचणीत अडकलेली पंधरा वर्षांची कमिला वालियेवा पडत-धडपडत चौथी आली. बर्फावरून बाहेर येताक्षणी कोचबाईंनी तिला विचारलं की तू लढणं का सोडलंस. अलेक्झांड्रा त्रुसोवा एकाच फ्री स्केटमध्ये पाच क्वाड, म्हणजे चार वेढ्यांच्या उड्या, मारूनही दुसरी आली आणि रडत ओरडत होती की मला हा खेळ आवडत नाही, पुन्हा बर्फावर पाय ठेवणार नाही. आणि जिंकलेली आना श्चेर्बाकोवा हातात खेळण्यातलं अस्वल घेऊन एकटीच होती. ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला जवळ घ्यायला कुणी आलं नाही. मी टीव्ही बंद करून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनने सीनियर गटाची वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने पंधरावरून सतरावर न्यायचं ठरवलं. उशिरा का होईना, ठरवलं.

"चढाओढीशिवाय खेळाडू घडत नाही," असं मला सांगू नका. चढाओढ मलाही हवी आहे. जपानचा युझुरू हान्यू आणि स्पेनचा हाविएर फर्नांडेझ टोरंटोत एकाच रिंकवर, एकाच कोचकडे सराव करायचे. 2015 आणि 2016 ला फर्नांडेझ विश्वविजेता, हान्यू दुसरा. 2018 ला हान्यूला ऑलिंपिक सुवर्ण, फर्नांडेझला कांस्य. रोज एकमेकांना डोळ्यांसमोर पाहत होते आणि दोघांचाही खेळ वाढत गेला. त्यांचे कोच ब्रायन ऑर्सर स्वतः 1988 मध्ये घरच्या कॅल्गरीत निसटत्या फरकाने सुवर्ण हुकलेले. हरणं म्हणजे काय, हे त्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती. मला वाटतं फरक इथेच पडला असावा.

अपुरं राहिलेलं कौशल्य म्हटलं की मला जपानची माओ असादा आठवते. 2005 च्या डिसेंबरमध्ये तिने ग्रां प्री फायनल जिंकली, पण वय थोडक्यात कमी पडलं म्हणून तोरिनोच्या ऑलिंपिकला जाता आलं नाही. पुढच्या व्हँकुव्हर ऑलिंपिकला कोरियाची किम युना पहिली, ही दुसरी. सोचीत शॉर्ट प्रोग्रॅमनंतर सोळावी. दुसऱ्या दिवशी तिने आयुष्यातलं सर्वोत्तम फ्री स्केट केलं, संगीत थांबल्यावर मान वर करून रडली, आणि सहावी आली. ऑलिंपिक सुवर्ण कधीच मिळालं नाही. तरी तिला कुणी वाया गेलेली म्हणू शकत नाही, कारण शेवटपर्यंत तिचा खेळ तिचा राहिला.

आपल्याकडच्या सरांची अडचण मला कळते. जागा मिळत नाही, पावसाळ्यात ओल्या फरशीवर चाकं घसरतात म्हणून चार महिने पार्किंगमध्ये सराव, पालकांना तिसऱ्या महिन्यात मेडल हवं. बरेचसे पालक दहावीच्या क्रीडा गुणांवर डोळा ठेवून येतात आणि दहावी झाली की मुलगी दिसेनाशी होते. पण मार्गच नाही असंही नाही. हैदराबादच्या अनुप कुमार यामाने याच चाकांवरच्या आर्टिस्टिकमध्ये 2010 च्या ग्वांगझू एशियाडला कांस्य आणलं, पुढे अर्जुन पुरस्कारही मिळवला. तिथवर जायला मुलगी निदान अठरा-वीस वर्षांची होईपर्यंत मैदानात टिकायला हवी. आठव्या वर्षी तिला भर बॅचमध्ये खाली मान घालायला लावलीत तर ती कशी टिकेल?

मागच्या वर्षी गडकरी रंगायतनला नाटकाच्या मध्यंतरात ती मैत्रीण भेटली. हातात वड्याची प्लेट, केस पिकलेले. स्केटिंगचा विषय मीच काढला, घसा दाटून माफीही मागितली. ती म्हणाली, "तुझं काय चुकलं गं. मला स्केटिंग फार आवडायचं. शनिवार आवडत नव्हता."

भाचीने घरी येताना लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला विचारलं की पुढच्या रविवारी पोट दुखतंय असं सांगितलं तर चालेल का. मी तिला म्हटलं, पोट दुखत नसेल तर नको सांगूस, मी येते. बॅच सुरू होण्याआधी सरांशी बोलणार आहे, बाजूला घेऊन, शांतपणे. त्या दुसऱ्या मुलीच्या आईचा नंबर बहिणीकडून घेतलाय, तिलाही फोन करणार आहे. बॅचमधले आणखी कुणी आईबाबा हे वाचत असतील तर सव्वासहाला गेटपाशी या.