रिजेक्ट कुणासाठी?

आज डोकं सटकलंय म्हणून लिहितेय, लांब होईल, सहन करा. ऑफिसात रिव्ह्यू होता. आमच्याकडच्या एका ज्युनिअर मुलीने नवा पंप मांडला. म्हणजे आमचाच जुना मोठा पंप, एवढं प्रेशर लागणारच नाहीये म्हणून तिने एक स्टेज (प्रेशर वाढवणारा एक टप्पा) काढली, मटेरियल साधं घेतलं, बाकी तसाच ठेवला. साहेब म्हणाले, "यात तू काय केलंस? आहे त्यातलं काढून टाकलंस फक्त." फक्त! ती गप्प बसली. मीही गप्प बसले, खरा राग त्याचाच आहे.

भोसरीत बाबांचं दोन लेथचं वर्कशॉप होतं, कोपऱ्यात रिजेक्टचा डबा. हे भंगारात का देत नाही असं विचारलं की म्हणायचे, "रिजेक्ट कुणासाठी, ते आधी सांग." एका गिऱ्हाइकाच्या गेजमध्ये (माप तपासायच्या साच्यात) न बसलेली पिन परत लेथवर चढायची आणि भलत्याच कुणाच्या तरी कन्व्हेयरमध्ये वर्षानुवर्षं चालायची.

आणि गंमत बघा, साहेबांच्या लॅपटॉपवर फोटो कुणाचा? स्पिटफायरचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचा. त्यातलं रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन म्हणजे जगात भारी, कबूल. पण त्याच मर्लिनचं पुढे काय केलं हे माहितीये का साहेब?

1941 साली ब्रिटिशांच्या क्रुसेडर रणगाड्यात लिबर्टी इंजिन होतं, तेही मूळचं विमानाचंच, पण 1917 चं, ताकद 340 हॉर्सपॉवर, आणि आफ्रिकेच्या वाळवंटात सारखं बंद पडायचं. तेव्हा रोल्स-रॉइसच्या रोबोथम आणि त्याच्या माणसांनी (युद्धामुळे कार बनवणं बंद, म्हणून इंग्लंडातल्या बेल्परच्या एका फाउंड्रीत बसलेली ही मंडळी) काय केलं? काढून टाकलं! सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा भाग) काढला, कारण तो उंचावरच्या विरळ हवेसाठी, रणगाडा काय ढगात जाणारे? विमानाच्या पुढच्या पंख्याचा वेग कमी ठेवणारा रिडक्शन गिअर काढला. रणगाड्याच्या गिअरबॉक्सला जुळावं म्हणून इंजिन उलटं फिरवलं. हलक्या दर्जाच्या पेट्रोलवर चालवलं. हजारावर हॉर्सपॉवरचं इंजिन 600 वर आणलं, नाव ठेवलं मीटिअर. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे पडलेल्या विमानांतले, पुन्हा आकाशात न्यायला नालायक ठरलेले मर्लिनचे भाग यात वापरले. बाबांचा डबाच की हा!

एप्रिल 1941 मध्ये आल्डरशॉटला क्रुसेडरमध्ये घालून पळवलं, तर वेळ मोजणाऱ्यांना नीट मोजताच आलं नाही, ताशी 50 मैल असावा असा नुसता अंदाज. लिबर्टी 27 लिटरचं, हेही 27 लिटरचंच, बरं का. नंतर बीव्हरब्रुक या मंत्र्याने थेट 10 लाख पौंड कामासाठी मोकळे करून दिले. "यात तू काय केलंस" विचारलं नाही त्याने.

हो, पेट्रोल ढोसायचं, रेंज बेताची, मान्य. आणि काढून टाकण्याच्या नावाखाली कॉस्ट कटिंगवाले नटबोल्टसुद्धा काढतात, तेही बघितलंय. असो.

पुढे हेच इंजिन क्रॉमवेल, कॉमेट आणि मग सेंच्युरियन या रणगाड्यांत गेलं. 1965 च्या पाकिस्तान युद्धात फिल्लोऱ्याला आपल्या पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे तारापोर लढले ते सेंच्युरियनमधूनच, इंजिन मीटिअर. नगरच्या रणगाडा म्युझियममध्ये सेंच्युरियन आहे. बाबांनी दाखवला होता, मी सातवीत असेन, मला आइस्क्रीम हवं होतं. बाबा मात्र मागच्या बाजूला वाकून, हात पाठीमागे बांधून इंजिन कुठे असेल ते शोधत बसले होते. तेव्हा चिडले होते मी. आज वाटतंय की जरा थांबायला हवं होतं.

राग उतरला लिहिता लिहिता, साहेबांना काही पाठवत नाही. त्या डब्यातली एक पिन माझ्या टेबलावर पडलेली असते, कागद उडू नयेत म्हणून. उद्या ती पोरीला देते आणि पुढच्या रिव्ह्यूत तिच्या शेजारी बसते, आणि या वेळी तोंड उघडते.