रक्त पडलं की मूळव्याधच?

‘मोठ्या आतड्याचा कॅन्सर हा श्रीमंत देशांचा रोग. गरीब देशांत झालाच तर कोणी वाचत नाही, मग तपासणी कशाला? रक्त पडलं तर मूळव्याध समजा. बायोप्सी करू देऊ नका, रोग पसरतो.’ हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. आता पुरे.

सगळ्यात घातक वाक्य मूळव्याधीचं. मूळव्याधीत रक्त लालभडक पडतं, खरंय. पण गुदाशयातल्या गाठीतूनही लालच पडू शकतं. शिवाय मूळव्याध असलेल्याला कॅन्सर होत नाही असं थोडंच आहे! डॉक्टरांना हातमोजा घालून, जेली लावून गुदद्वारातून बोटाने तपासायला दोन मिनिटं लागतात. सात-आठ सेंटिमीटरपर्यंतची गाठ हाताला लागते. त्याच्या वरची लागत नाही, म्हणून रक्त थांबत नसेल, शौचाची सवय तीन आठवड्यांहून जास्त बदललेली असेल किंवा जाऊन आल्यावरही पोट साफ वाटत नसेल, तर कोलोनोस्कोपीच, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं. उजव्या बाजूची गाठ आणखी लबाड. रक्त दिसतच नाही, नुसतं हिमोग्लोबिन उतरत जातं. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं, की महिने तिथेच वाया जातात.

‘कोणी वाचत नाही’? २०१० साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आफ्रिका, आशिया आणि मध्य अमेरिकेतल्या १२ देशांच्या नोंदी आल्या. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात कुठल्याच कॅन्सरचे २२ टक्क्यांहून जास्त रुग्ण पाच वर्षं जगले नव्हते. सिंगापूर, दक्षिण कोरियाचे आकडे कितीतरी वरचे. हा फरक मुख्यतः लवकर निदानाचा आणि वेळेवर उपचारांचा, असंच त्या लेखकांचं म्हणणं.

श्रीमंतांचा रोग? गरीब देशांत प्रमाण कमी आहे, तेवढं मान्य. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. राहिली बायोप्सी. तीत आतल्या अस्तराचे दोन-तीन मिलिमीटरचे कण चिमट्याने काढतात. त्याने रोग पसरत नाही, आणि त्याशिवाय उपचार ठरत नाहीत.

तपासणीबद्दल एक गोष्ट खरी: पुढे कोलोनोस्कोपीची सोय नसेल तर सरसकट शौच तपासून उपयोग नाही. पण थायलंडच्या लांपांग प्रांतात ५० ते ६५ वयाच्या लोकांची शौचातल्या रक्ताची ‘फिट’ तपासणी झाली, तेव्हा आलेल्यांपैकी जेमतेम १.१ टक्के पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे कोलोनोस्कोपी सगळ्यांची नव्हे, शंभरात एकाची. नमुना भांड्यातल्या पाण्यात पडू देऊ नका, किटमधली काडी शौचात तीन-चार ठिकाणी फिरवा आणि नमुन्याची नळी उन्हात ठेवू नका. उष्णतेने हिमोग्लोबिन विघटतं आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. पॉझिटिव्ह आली तर ‘परत एकदा करून बघू’ नको. गाठ रोज रक्त गाळत नाही, त्यामुळे दुसरी निगेटिव्ह आली तरी पहिली खोडली जात नाही.