इंजिन उघडण्याआधी बॉनेट उघडा

गेले काही दिवस फोंड्यातल्या आमच्या सगळ्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दहा वर्षांहून जुनी गाडी सिग्नलला उभी असताना थरथरायला लागली आणि ॲव्हरेजही पडलं, की इंजिन गेलं समजा. दोष पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा. गाडीला जोडायच्या स्कॅनरवर बिघाडाचा कोड दिसला नाही तर सेन्सर ठणठणीत. आणि तोवर रेसचा स्क्रू, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग वाढवणारा, थोडा पिळून घ्या.

आधी इंजिनाचं बघू. जाणारं इंजिन सांगून जातं. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, ऑइल सारखं कमी होतं, अनमोड घाट चढताना दम लागतो. तरी शंका असेल तर प्लग काढून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरातला दाब मोजणारं मीटर, लावा. अर्ध्या तासाचं काम. सगळ्या सिलिंडरांचे आकडे ठरलेल्या मापात आणि एकमेकांच्या जवळपास असतील तर रिंगा आणि बोअरिंगची गोष्ट तिथेच संपली.

माझ्या 2006 च्या गाडीला एका गॅरेजवाल्याने बघता क्षणी ‘हाफ इंजिन’, म्हणजे इंजिन उघडून रिंगा वगैरे बदलायचं काम, सांगितलं होतं. पावसाळा नुकताच लागलेला. 16 चं ॲव्हरेज 12 वर आलेलं, आणि उभी असली की स्टिअरिंगवर हात ठरत नव्हता. मग ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे नेली. ते म्हणाले, काळोख पडल्यावर या. रात्री अंगणातला दिवा मालवून त्यांनी गाडी चालू ठेवली आणि इस्त्रीच्या फवाऱ्याने प्लगच्या वायरींवर लांबूनच पाणी उडवलं. तिसऱ्या वायरीवरून एक निळी रेघ तडतडत इंजिनाच्या लोखंडाकडे पळाली. वायरीला केसाएवढी चीर, वर आपली खारी दमट हवा. ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नव्हती. (हा प्रयोग घरी करू नका, झटका जबर बसतो.)

आता थरथर आणि पेट्रोल यांचा संबंध बघा. ज्या सिलिंडरात ठिणगी पडत नाही तिथला ऑक्सिजन न जळता बाहेर पडतो. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बिचारा सगळ्याच सिलिंडरांना जास्त पेट्रोल द्यायला लागतो. म्हणजे दुखणं एका वायरीचं, लक्षणं दोन. वायरी आणि प्लग बदलल्यावर ॲव्हरेज पुन्हा 15 च्या वर गेलं.

इथेनॉलबाबत मेसेजमध्ये थोडं खरं आहे. लीटरमागे त्यात पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे 20 टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण 7 टक्के घट येते. जुने रबरी पाइपही त्याने खराब होऊ शकतात, आणि मालक बोटीवर नोकरीला असताना महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते ओल धरतं. सगळं मान्य. पण 7 टक्के म्हणजे 16 चे 15. खालचे तीन कुठे गेले?

कोड नाही म्हणजे सेन्सर ठीक, हा मला सर्वात घातक मुद्दा वाटतो. वायर तुटली किंवा आकडा अगदीच अशक्य आला तर कोड येतो. पण कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान मोजणारा सेन्सर थोडं खोटं बोलत असला तर जुन्या गाड्यांना अनेकदा पत्ताच लागत नाही. फोंड्याहून पणजीला पोचलात, रेडिएटर तापलाय आणि सेन्सर 40 अंश सांगतोय, तर ईसीएम गाडी थंड समजून पेट्रोल ओततच राहणार. म्हणून मेस्त्रींना कोड विचारू नका, लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सर त्या क्षणी सांगतोय ते आकडे, दाखवा म्हणा. गरम गाडीत 80-90 च्या आसपास आकडा हवा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप, उघडा अडकला असेल तरी तो कमीच दिसेल, तेव्हा तोही बघा.

स्क्रू मात्र पिळू नका. कार्बोरेटरच्या काळात ते ठीक होतं. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या, गाडीत आयडलिंग (उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग) ईसीएम सांभाळतो. स्क्रू वाढवून थरथर झाकली जाते आणि पेट्रोल वर आणखी जातं. त्यापेक्षा इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीतली काजळी साफ करा आणि व्हॅक्यूमचे पाइप हाताने चाचपून बघा. पावसात उबेला आलेले उंदीर ते हमखास कुरतडतात.

आणि ॲव्हरेज टाकी फुल टू फुल काढा. पाचशेचं पेट्रोल घालून, रायबंदरला फेरीच्या रांगेत एसी लावून बसून काढलेलं धरू नका.