मशीन रडली पाहिजे

आमच्या नागपुरात कुठलंही इंजन सुरू झालं की त्याच्या आवाजावर मत नसलेला माणूस मिळणं कठीण. ऑटो असो, शेतातला डिझेल पंप असो, लग्नातलं जनरेटर असो. येणारा-जाणारा थांबतो, मान तिरपी करून ऐकतो आणि निदान सांगून टाकतो. फी घेत नाही, हेच उपकार.

हेही सोसलं असतं. पण मला नाद चेनसॉने, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीने, फळ्या पाडायचा, आणि या नादात सगळा हिशेब उलटा आहे. मशीनचा आवाज कानाला गोड लागला की समजायचं, पिस्टन गेल्यात जमा.

फांदी आडवी कापणं वेगळं आणि खोड उभं चिरणं वेगळं. आडवा काप अर्ध्या मिनिटात होतो, मग मशीन दम खाते, आपणही खातो. चिरायला घेतलं की तसं नाही. दोन फूट रुंदीचा ओंडका, त्यावर शिडीसारखी बांधलेली पट्टी, तिच्यावरून सरकणारी चौकट, आणि चौकटीत अडकवलेली नव्वद सीसीची मशीन: एका फळीसाठी मिनिटांवर मिनिटं पूर्ण रेसवर. तेही मे महिन्यात, ४५ अंशांत, जेव्हा शहाणा माणूस कूलरसमोरून हलत नाही.

‘लकडगंजात आरामशिनी काय कमी आहेत?’ हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारून झालाय. नाहीत. लाकडाच्या बाबतीत या शहराला कुणी शिकवू नये. चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान सी. पी. टीक, म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं सागवान, म्हणून नावाजलेलं, नव्या संसद भवनाला नागपूरचं सागवान गेलं, अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली बल्लारशाहून. पण आमच्या गल्लीत वादळाने आडवा पाडलेला कडुनिंब लकडगंजला न्यायचा तर क्रेन पाहिजे, आणि गल्लीत क्रेन सोडा, मोठा टेम्पोही शिरत नाही. तेव्हा परवानगीचा कागद हातात पडल्यावर ओंडका मशीनकडे न्यायच्या ऐवजी मशीनच ओंडक्याकडे आणली. प्रेक्षक आपोआप आले.

आता त्या आवाजाचं. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला तीन स्क्रू असतात. ‘एल’ हळू चालीचा, ‘एच’ पूर्ण रेसचा, आणि तिसरा आयडलचा, म्हणजे रेस सोडल्यावर इंजन चालू राहावं पण चेन फिरू नये यासाठी. भानगड सगळी ‘एच’ची. तो आवळला की पेट्रोल कमी जातं, इंजन मोकळं होतं, फेरे वाढतात, आवाज असा खणखणीत येतो की बघणारा खूश. पण चेनसॉचं इंजन टू-स्ट्रोक, आणि टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातूनच जातं. पेट्रोल कमी म्हणजे तेल कमी, आणि पेट्रोलने आतून जो थोडा गारवा मिळतो तोही कमी. म्हणून चिरायच्या कामाला ‘एच’ जरा उघडा ठेवतात. मशीन हवेत मोकळी रेस केली की गर्र-गर्र करत अडखळली पाहिजे. दात लाकडात शिरले, भार आला, की तोच आवाज साफ झाला पाहिजे. कंपनी सांगते त्यापेक्षा चार-पाचशे फेरे कमी चालले तरी चालतील. बाहेरच्याला वाटतं, बिघडली.

“काय रे, मिस मारून रायली ना तुही मशीन?” भिंतीपलीकडून काका.

मी कानावरचे मफ काढून सगळं समजावलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “ते ठीक आहे, पण मिस मारून रायली.”

सौभाग्यवतींचं मत काकांच्या बाजूने पडलं. “अहो, मिक्सर असा वाजला असता तर तुम्हीच दुकानात परत नेऊन भांडला असता.” याला उत्तर नाही. मी खरंच भांडलो असतो.

हा आवाज ज्याला कळतो असा एकच माणूस मला आजवर भेटला, महाल भागातले आमचे मेकॅनिक. त्यांची उमर टू-स्ट्रोक स्कूटरींत गेली. त्या गाड्या गेल्या तरी त्यांचे कान गेले नाहीत. डोळे मिटून ऐकतात, पेचकस केसभर फिरवतात आणि म्हणतात, “अजून थोडी उघडतो. रडू द्या तिला.” मग प्लग काढून उजेडात धरतात. टोकाचा रंग कॉफीसारखा असला तर ठीक, पांढरा पडला तर इंजन उपाशी, काळा-ओला असला तर अजीर्ण. एकदा रेस सोडल्यावर फेरे लगेच खाली येईनात, तर त्यांनी स्क्रूला हातही लावला नाही. “कुठून तरी हवा ओढून रायली. आधी सील बघू. भोक बुजवल्याशिवाय सूर लावून काय फायदा?” नव्या काही मशिनींत हे स्क्रूच नसतात, आतला संगणक ज्याचं त्याचं बघून घेतो. मेकॅनिक त्या मशिनींबद्दल फारसं बोलत नाहीत.

शिवाय ऋतू आडवे येतात. लोकांना वाटतं, मशीन जळायची ती उन्हाळ्यात. मेमधली तापलेली हवा विरळ असते, तिच्या मानाने पेट्रोल आपसूक जास्त पडतं. उन्हाळ्यात लावलेला स्क्रू तसाच ठेवून डिसेंबरातल्या सकाळी, दहा-बारा अंशांत, मशीन ओढा. हवा दाट, पेट्रोल तेवढंच, आवाज गोड आणि पिस्टन स्वाहा. त्यात आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलने मिश्रण आणखी कोरडं होतं, म्हणून स्क्रू अजून जरा उघडायचा. ते पाणीही ओढून घेतं, म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करायची. हे ऐकून काका म्हणाले, “एवढं तर मी मायी बीपीची गोळीही पाळत नाही.”

तेलावर त्यांचा अधिकार मोठा. एका लिटरला वीस मिली टू-टी, पन्नासास एक, असं मी मोजून टाकत होतो. “कंजूसपणा नको करू. चाळीस टाक, साठ टाक, तेल म्हणजे तेल!” आता तेल वाढलं की त्याच नळीतून जाणारं पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे मशीन पुन्हा उपाशीच. हे काकांना पटवायच्या भानगडीत मी पडलो नाही.

चेनच्या तेलाचं तर विचारूच नका. चेन ज्या पट्टीवर फिरते ती लांब असली की तिला मशीनचा पंप पुरत नाही, टोकाशी वेगळी थेंब-थेंब बाटली लावावी लागते. त्यात काय घालावं यावर गल्लीत दोन पक्ष. एक गॅरेजमधल्या जळक्या ऑइलचा, ज्यातल्या कचऱ्याने पंपाच्या बारीक वाटा बुजतात. दुसरा स्वदेशी: “जवसाचं टाका ना जी, आपल्या विदर्भाचं!” जवसाबद्दल मला प्रेम आहे, चटणी असली तर भाकरी जास्त जाते. पण हे तेल हवेत वाळतं. म्हणूनच ते लाकडाच्या पॉलिशला चालतं, आणि म्हणूनच ते चेनवर टाकलं तर आठवडाभराने कड्या एकमेकींना चिकटलेल्या मिळतील.

धार लावणं हा मात्र माझा एकट्याचा तास. बाजारातल्या चेनचे दात तीस अंशांवर घासलेले असतात, आडव्या कापासाठी. उभ्या चिरायला ते दहा अंशांवर आणावे लागतात. साडेपाच मिलीमीटरची गोल कानस, आतून बाहेर, एकाच दिशेने, प्रत्येक दाताला सारखेच हात. एका बाजूला जास्त घासलं तर चेन सरळ न जाता कडेला ओढते आणि फळी एका टोकाला पराठा, दुसऱ्या टोकाला पापड. दातापुढची ठेंगणी जीभ साधारण ०.६५ मिलीमीटर खाली हवी. जास्त घासली तर मशीन हिसके देते, कमी राहिली तर नुसता भुसा काढते.

आणि शहरातलं झाड! जंगलातल्या सागवानात सिलिका असते, दात बोथट होतात, ते समजू शकतो. आमच्या कडुनिंबात दहावी-बारावीचे ट्यूशन क्लासेस होते. दर वर्षी एक नवी पाटी, दर पाटीला चार खिळे, झाडाने सगळे पोटात घेतलेले. बाहेरून साल गुळगुळीत, आत बोटभर खोलवर लाकूड निळं-काळं पडलेलं, मधोमध गंजलेलं डोकं. मशीन तिथे पोचली की ठिणगी उडते आणि सात-आठ दातांची टोकं एका झटक्यात गोल होतात.

कामाच्या मध्ये मशीन पंक्चरवाल्याकडे न्यायची. चिरताना भुसा पिठासारखा बारीक पडतो, तेलात कालवून सिलिंडरच्या पात्यांमध्ये थापला जातो आणि गारवा देणारी हवा अडते. पंक्चरवाला हवेचा पाइप लावतो, पिवळा ढग उडतो, बाकड्यावर बसलेले दोघे खोकत उठतात. माझा नंबर नेहमी लवकर लागतो.

तर त्या दिवशी मी नवी कानस आणायला इतवारीत गेलो होतो. घरी मेव्हणे आलेले. येताना गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि पोटात गोळा आला. मशीन गात होती. अडखळणं नाही, गर्र-गर्र नाही, एकदम स्वच्छ, उंच, लांबवर जाणारा सूर. मी स्कूटर पळवली. घर येईस्तोवर गाणं संपलं होतं.

मेव्हणे पेचकस हातात घेऊन उभे. “भाऊजी, तुमची तक्रारच मिटवून टाकली. एकदम मक्खन चालून रायली होती. कशी काय बंद पडली, कुणास ठाऊक!” काकांनी भिंतीवरून साक्ष दिली, “एवढा मस्त आवाज पहिल्यांदा ऐकला.”

मेकॅनिकनी सायलेन्सर खोलून टॉर्च मारली. पिस्टनच्या त्याच बाजूला उभे ओरखडे, धूर बाहेर पडतो तिथे, जिथे सगळ्यात जास्त तापतं. “कोणी ऐकलं का शेवटी?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अख्ख्या गल्लीने. त्यांनी मान हलवली आणि नव्या पिस्टनचा भाव सांगितला, जो मी घरी निम्माच सांगितला.

नवा पिस्टन बसला, मशीन पुन्हा रडायला लागली, फळ्या निघाल्या. दोन इंची फळी सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, इंचाला साधारण वर्ष या हिशेबाने दोन वर्षं वाळू द्यायची. पण फळ्या रचल्या त्याच संध्याकाळी वाटण्या सुरू झाल्या. मेव्हण्यांना टीपॉय पाहिजे, कारण त्यांनी मेहनत घेतली. काकांना देव्हाऱ्यासाठी एक फळी पाहिजे, कारण सल्ला त्यांचा होता.

काकांच्या नावाने मी मधली ठेवलीय. तिच्यात क्लासेसचे तीन खिळे आहेत, फी वेगळी पडेल असं आधीच सांगून टाकलंय.