'ही १० सॉफ्टवेअर टाकाच' हा मेसेज पुढं पाठवू नका

परवा भाचीला इंजिनिअरिंगची ॲडमिशन मिळाली म्हणून ताई-दाजींनी नव्या पेठेतनं लॅपटॉप घेऊन दिला. रात्री दहाला तिचा मेसेज आला, "मामा, यातलं आधी काय टाकू?" आणि खाली तोच फॉरवर्ड जो पंधरा दिवस आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय: 'नवीन कॉम्प्युटर घेतलाय? ही १० सॉफ्टवेअर नसतील तर पैसे पाण्यात.' त्यात पहिलीच सूचना अशी की आधी विंडोजचा डिफेंडर, म्हणजे त्यातच आलेला अँटिव्हायरस, बंद करा, नाहीतर पुढचं इन्स्टॉल होणार नाही. मी लगेच फोन केला, म्हटलं कशालाच हात लावू नको, सकाळी येतो.

आधी या पहिल्या सूचनेबद्दलच बोलतो कारण सगळं विष तिथंच आहे. डिफेंडर बंद का करायचा, तर पुढं जो मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा क्रॅक आणि ॲक्टिव्हेटर, म्हणजे पैसे न भरता ते चालू करायचं चोरीचं साधन, दिलाय तो डिफेंडर पकडतो म्हणून. अहो, घरात शिरायच्या आधी कुत्रा बांधून ठेवा म्हणणाऱ्याला आपण चहा पाजतो का? मेसेजवाला म्हणतो 'व्हायरस दाखवेल पण घाबरू नका, खोटा अलार्म असतो.' यात अर्धं खरं आहे, ते कबूल करतो. ॲक्टिव्हेटर दिसला की डिफेंडर त्याला 'हॅकटूल' म्हणतो, आणि तेवढ्यावरनं आत व्हायरस असेलच असं नाही. पण नसेलच हे कोण सांगणार? ज्याने सांगायचं त्यालाच तुम्ही बंद केलंय.

माझ्या मावसभावाचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. तीन वर्षांपूर्वी तिथल्या ऑफिसातल्या पोराने डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक टाकला, असाच, अँटिव्हायरस बंद करून. सकाळी बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावापुढं चार अक्षरांचं नवीन शेपूट, एकही उघडेना, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक फाइल: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर ४९०. स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात या रॅन्समवेअरला, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला, आणि त्याचा मुख्य रस्ता क्रॅक आणि कीजेन (खोटी लायसन्स-की बनवणारे प्रोग्राम) हाच आहे. आठ वर्षांची जॅकार्डची डिझाइनं, पार्टीवाईज रंगाचे हिशोब, सगळं गेलं, आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह मशीनलाच लावून ठेवलेला म्हणून तोही गेला. ती हार्ड डिस्क अजून माझ्या कपाटात आहे, कधीतरी त्या कुलपाची किल्ली मिळाली तर फाइली उघडू म्हणून.

आणि भाचीच्या बाबतीत तर कहर, तिच्या लॅपटॉपसोबत ऑफिस आलेलंच होतं! बऱ्याच नव्या लॅपटॉपला ऑफिसची घरगुती आवृत्ती सोबत येते, वर्ड उघडून मायक्रोसॉफ्टचं अकाउंट टाकलं की चालू. दाजींनी त्याचे पैसे बिलातच भरलेत आणि ही वरनं चोरीचं टाकायला निघालेली. ज्यांना आलेलं नसेल त्यांना लिब्रेऑफिस फुकट आहे, ब्राउझरमधलं वर्ड-एक्सेलही फुकट आहे.

डिफेंडर बिनकामाचा असतो, हा मेसेजचा पुढचा मुद्दा. दहा-बारा वर्षांपूर्वी खरंच कच्चा होता, लॅबच्या चाचण्यांत मागं पडायचा. आता एव्ही-टेस्ट या अँटिव्हायरस तपासणाऱ्या लॅबच्या चाचणीत बऱ्याचदा सहापैकी सहा घेतो. घरच्या वापराला पुरतो, फक्त अपडेट चालू ठेवा.

मग रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही (रजिस्ट्री) साफ करतो म्हणणारा प्रोग्राम: 'आठवड्यातनं एकदा चालवा, स्पीड डबल.' याला माझं उत्तर एकच. मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टच्या पानावर स्वच्छ लिहिलंय की रजिस्ट्री क्लीनर वापरायला त्यांचा पाठिंबा नाही आणि त्याने बिघाड झाला तर विंडोज परत टाकायची वेळ येऊ शकते. ज्यांनी रजिस्ट्री बनवली तेच नको म्हणतायत, आणखी कुणाचं ऐकायचं? वर २०१७ मध्ये सीसीक्लीनर या अशाच प्रसिद्ध क्लीनरच्या अधिकृत ५.३३ व्हर्जनमध्येच हॅकर्सनी मालवेअर घुसवलं होतं, २२ लाखांवर मशीनवर ते गेलं. म्हणजे कामाचं नाही ते टाकायचं आणि धोका फुकट घ्यायचा.

फ्लॅश प्लेयर? ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि गेम चालवायला लागायचा तो ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला. आज फ्लॅशच्या नावाने जे मिळतं ते काय असेल ते समजून घ्या. ड्रायव्हर (वायफाय, आवाज वगैरे चालवणारे छोटे प्रोग्राम) अपडेट करणारं सॉफ्टवेअर नको, विंडोज अपडेट आणि लॅपटॉप कंपनीची साइट यातनं ड्रायव्हर येतात. झिप फाइली उघडायच्या विनरारचा क्रॅकही नको, त्याच कामाचं सेव्हन-झिप फुकट आहे.

मराठीसाठी म्हणून जुने फॉन्ट टाकायला सांगितलेत, याचा मला वेगळा राग आहे. छपाईची पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्यांना ते लागतात, मान्य. पण पोरीने त्यात प्रोजेक्ट लिहिला आणि कॉलेजच्या मशीनवर तो फॉन्ट नसला तर पानभर नुसतं 'किडा-मुंगी' दिसणार. विंडोजमध्ये मराठीचा युनिकोड कीबोर्ड (त्यातलं कुठल्याही मशीनवर वाचता येतं) आहेच, २०१९ पासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा फोनेटिकही आहे, सेटिंगमध्ये भाषा वाढवली की झालं. इंग्रजी अक्षरांत 'मी' टाइप केलं की मी येतं.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे, नाइलाजाने का होईना मानतो: लॅपटॉपसोबत आलेलं ट्रायलवालं फालतू सामान काढून टाका. तेवढं आम्ही काढलं.

बाकी सकाळी ताईकडं बसून अर्ध्या तासात झालं. आधी विंडोज अपडेट, मग फायरफॉक्स ब्राउझर, व्हिडिओ बघायला व्हीएलसी, सेव्हन-झिप, मराठी कीबोर्ड. व्हीएलसी शोधताना भाची सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीच्या लिंकवर बोट नेत होती, तिथं थांबवून तिला व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनची मूळ साइट दाखवली आणि पत्ता वहीत लिहून घ्यायला लावला. पाचशे रुपयांचा एक पेन ड्राइव्हही दिला, दर रविवारी कॉपी करायची आणि काढून कपाटात ठेवायचा. दाजींनी तो त्यांच्याच कपाटात ठेवलाय, कुलपात.