तापाला नाव कशाला? बाटली चढवा!

पाऊस सुरू झाला की फोन वाजायला लागतात. परवाचा निरोप असा होता: "कालपासून ताप. १०१. विडाल पॉझिटिव्ह आलीये. कुठलं अँटिबायोटिक चालू ठेवू?" सोबत विडालच्या, म्हणजे टायफॉईडसाठी करतात त्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टचा तिरका फोटो, त्यावर अंगठ्याची सावली. नीट वाचा, 'चालू करू का' असं विचारलेलं नाही. 'चालू ठेवू' असं आहे. म्हणजे दोन डोस पोटात गेलेत, आता फक्त आशीर्वाद हवाय. अशा कर्तबगार मंडळींना एकेकट्याने उत्तरं देत बसण्यापेक्षा संपूर्ण उपचारपद्धती एकदाच लिहून काढलेली बरी. फ्रिजवर चिकटवून ठेवा.

सुरुवात मेडिकलपासून करायची. डॉक्टरकडे अर्धा दिवस मोडतो, शिवाय तो नको नको ते विचारतो. मेडिकलवाला काही विचारत नाही. "घसा धरलाय, जरा पॉवरची गोळी द्या" म्हणा, अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या पाचशेच्या तीन गोळ्या हातात. तीनच का? कारण पट्टीत तीन असतात! उपचार किती दिवस हे आजाराने ठरवावं असं पुस्तकात लिहिलंय, पण पट्टी कापायला कात्री कोण शोधणार? सर्दी-पडसं व्हायरसचं असतं आणि व्हायरसला या गोळीचं काही सोयरसुतक नसतं, हे खरं. पण पडसं चौथ्या-पाचव्या दिवशी आपसूक उताराला लागतं आणि गोळ्या तिसऱ्या दिवशी संपलेल्या असतात. श्रेय कुणाला द्यायचं हे उघड आहे.

घसा खरोखर स्ट्रेप्टोकोकस नावाच्या बॅक्टेरियाने धरलाय का, हे ओळखायच्या खुणा आहेत म्हणे: ताप आहे पण खोकला अजिबात नाही, टॉन्सिलवर पांढरट-पिवळा थर आहे, जबड्याखाली गळ्याच्या पुढच्या बाजूच्या गाठी दाबल्यावर दुखतात. एवढं जमलं तरी शक्यतो घशाचा स्वॅब तपासायचा आणि मग औषध. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर जवळजवळ नक्की व्हायरस. आणि स्ट्रेप्टोकोकस निघालाच तर औषध कुठलं? जुनं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, तेही दहा दिवस, का तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत. यात कुठेच पॉवर नाही. सोडून द्या.

पट्टीवर एक उभी लाल रेघ दिसेल, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणारी. ती नक्षी आहे.

सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन वगैरे अँटिबायोटिकं विकताना दुकानदाराने डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची, असा नियम मार्च २०१४ पासून आहे. पण तुम्ही ओळखीचे. ओळखीच्या माणसाची नोंद करणं बरं दिसतं का?

आता मुख्य विधी: विडाल.

ही तपासणी १८९६ सालची. जुनं ते सोनं. ताप आल्या दिवशीच करून घ्या, कारण टायफॉईडविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात दिसण्याजोग्या व्हायला साधारण आठवडा लागतो, आणि तेवढं थांबलात तर रिपोर्टला अर्थ येण्याचा धोका असतो. काचपट्टीवर रक्तातल्या पाण्याचा थेंब, त्यावर रंगीत द्रावणाचा थेंब, जरा हलवलं, गुठळ्या दिसल्या की झालं. रिपोर्टवर येतं: टीओ १:८० (टीओ म्हणजे टायफॉईडच्या जंतूचा 'ओ' हा घटक). याचा अर्थ रक्तातलं ते पाणी ऐंशी पट पातळ केलं तरी गुठळ्या होतात, इतकाच. जंतू कुणीही पाहिलेला नाही. पण घरी सांगताना "रक्तात टायफॉईडचे जंतू निघाले" असंच सांगायचं, "थोडासा टायफॉईड आहे" म्हटलं तर जास्त चांगलं. थोडासा टायफॉईड ही जगात फक्त आपल्याकडे होणारी व्याधी आहे.

ज्या मुलखात टायफॉईड नेहमीचाच, तिथे ठणठणीत माणसाच्या रक्तातही १:८० मिळू शकतं. पूर्वी कधी होऊन गेला असेल, टायफॉईडचा जंतू ज्या कुळातला, त्या साल्मोनेलाच्या दुसऱ्या भावंडाशी गाठ पडली असेल, काही जुन्या लशींचाही परिणाम असतो, मलेरिया-डेंग्यूतही ही टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येते. एकाच नमुन्यावरून काही ठरवायचं नाही, सात-दहा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन आकडा चौपट चढला का ते बघायचं, असा मूळ नियम. दुसऱ्या नमुन्याला आलेला माणूस दाखवा आणि हजार रुपये मिळवा.

आणि खरी तपासणी कुठली? ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघायचा. पहिल्या आठवड्यात. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. टायफॉईडमध्ये एका मिलिलीटर रक्तात जेमतेम एखादा जिवंत जंतू असतो, कधी तेवढाही नाही, म्हणून मोठ्या माणसाचं दर बाटलीला आठ ते दहा मिलिलीटर रक्त लागतं, आणि दोन ठिकाणांहून घेतलेल्या दोन बाटल्या असतील तर उत्तम. कातडी पुसायची, पुसलेलं सुकू द्यायचं, बाटलीचं रबरी बूचही पुसायचं. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. हे सगळं नीट केलं तर टायफॉईड बहुधा दोन-तीन दिवसांत वाढून दिसतो आणि कुठलं औषध चालेल, कुठलं नाही, याची यादी सोबत मिळते. पण "अहो, इतकं रक्त काढलं!" म्हणून कॉरिडॉरमध्ये रडारड. सिरिंजमध्ये दोन मिलिलीटर आलं की नातेवाईक म्हणतात पुरे. दोन मिलिलीटरमध्ये काय सापडणार आहे? आणि सापडायला बाटलीत काही जिवंत तरी हवं ना! काल रात्री दोन सेफिक्झिम, आज सकाळी गल्लीतल्या दवाखान्यात एक सुई, आणि मग संध्याकाळी कल्चर. पाच दिवस यंत्रात फिरवून रिपोर्ट येतो: वाढ नाही. त्यावर तुम्ही म्हणता, "बघा, पैसे फुकट गेले." ते फुकट घालवले कुणी?

बरं, औषध योग्य मिळालं तरी टायफॉईडचा ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. जंतू पेशींच्या आत दडून बसतो, औषधाला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी १०२ दिसला की "गुण नाही" म्हणून डॉक्टर बदलायचा, नव्या डॉक्टरने गुण दाखवायला जास्त भारी औषध द्यायचं. सेफ्ट्रियाक्झोनवरून थेट मेरोपेनेम. सहाव्या दिवशी ताप उतरला की हाताला गुण कुणाच्या? दुसऱ्याच्या. खरं तर तो पहिल्याच औषधाने उतरला असता.

जाता जाता, नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली सरकारी यंत्रणेमार्फत टायफॉईडची नवी कॉन्जुगेट (जंतूच्या कवचातली साखर प्रथिनाला जोडून केलेली) लस मुलांना दिली, जगात पहिल्यांदा. लशीत मात्र बाटली चढवायची सोय नसल्याने ती काही आपल्या मनात भरत नाही.

जुलाब झाले तर ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी. कुठला जंतू हे ठाऊक नाही म्हणून एक बॅक्टेरियासाठी आणि एक अमीबासाठी. दोन्ही नसले (आणि बहुतेक वेळा दोन्ही नसतात) तरी आतड्यातले निरपराध जंतू तरी मरतील. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात कालवायची असते, ती ग्लासभर पाण्यात टाका, म्हणजे मीठ-साखर जास्त होऊन जुलाब वाढतील आणि गोळीची गरज सिद्ध होईल. लहान मुलाला चौदा दिवस झिंक द्यायचं असतं (सहा महिन्यांपुढे रोज वीस मिलिग्रॅम, त्याआधी दहा), ते तिसऱ्या दिवशी विसरा. शौचातून रक्त पडलं किंवा पेजेसारखे धो धो जुलाब सुरू झाले तरच अँटिबायोटिकचा विचार करतात, असं जुने बालरोगतज्ज्ञ म्हणतात. त्यांचं मनावर घेऊ नका.

उरलेल्या गोळ्या बिस्किटाच्या डब्यात. शेजारच्या वहिनींना लागतील.

गजकर्णावर क्रीम घेताना ट्यूबवरची नावं मोजा. चार भरली पाहिजेत: एक बुरशीसाठी, एक बॅक्टेरियासाठी, एक अमीबासाठी (जांघेत अमीबा काय करतोय हे विचारू नका) आणि क्लोबेटासॉल, म्हणजे जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, कडा पुसट होतात, आणि बुरशी खाली निवांत पसरते. महिन्याभराने जांघेतून पोटावर, पाठीवर, मग घरातल्या सगळ्यांना एकाच टॉवेलमधून. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला न जुमानणारी एक बुरशी आता जगभर सापडते. २०२० साली तिचं बारसं झालं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावात देशाचा उल्लेख आहे, अभिमान बाळगा. साधं एकाच औषधाचं क्रीम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं, चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं, ओली जीन्स घालायची नाही, घरातल्या सगळ्यांवर एकदम उपचार करायचे, ही कंटाळवाणी पद्धत अजून काही त्वचारोगतज्ज्ञ शिकवतात.

ताप, डोकेदुखी, अंगदुखी, प्लेटलेट कमी, डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह. अशा वेळी सेफ्ट्रियाक्झोन सुरू करा आणि रुग्णाचे कपडे मात्र काढायला लावू नका. काखेत, जांघेत, कंबरपट्ट्याच्या रेषेत विडीच्या चटक्यासारखी काळी खपली असू शकते, दुखत नाही म्हणून रुग्णालाही माहीत नसते. तो स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किड्याची अळी चावून होतो. २०१८ साली नागपुरासह विदर्भाने त्याची साथ पाहिली. सेफ्ट्रियाक्झोनची कितीही इंजेक्शनं टोचा, या जंतूवर ते चालत नाही. चालतं ते डॉक्सिसायक्लिन, शंभर मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण आठवडाभर, आणि ताप बहुतेकदा दोन दिवसांत उतरतो. पट्टी इतकी स्वस्त की लिहून देणाऱ्या डॉक्टरवर नातेवाईकांचा विश्वास बसत नाही. "एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात आणून हीच गोळी?" हो, हीच गोळी. तिच्यावाचून मूत्रपिंड आणि फुप्फुस दोन्ही बसलेली माणसं व्हेंटिलेटरवर जातात, आणि तिथे मग महागडं सगळं मिळतं.

आता खोकला. दोन आठवडे झाले, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरलंय. लिव्होफ्लॉक्सासिन घ्या. सात दिवसांत बरं वाटेल. खरंच वाटेल, यात उपरोध नाही. कारण लिव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूलाही मारतं, अर्धवट. थुंकीतले जंतू कमी होतात, तपासणी निगेटिव्ह येते, निदान पुढे ढकललं जातं. महिन्याने खोकला परत येतो तेव्हा उरलेले जंतू या औषधाला सरावलेले असू शकतात. आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात हाच औषधगट उपचाराचा कणा असतो. तो कणा तुम्ही खोकल्याच्या नावावर काउंटरवर मोडून आलात. त्या अवधीत घरातल्या म्हातारीला आणि पाळण्यातल्या बाळाला तुम्ही काय दिलंत, ते मी लिहीत नाही.

थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. गोव्यात बनलेलं ट्रूनॅटचं यंत्र तालुक्याच्या ठिकाणीही असतं, क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध चालेल का, हे दीड-दोन तासांत सांगतं. सकाळची थुंकी हवी, घशाच्या तळातून खाकरून काढलेली. लाळ नको. डबी नेऊन द्यायची, एवढंच. तेवढं होत नाही तुमच्याकडून?

आता विनोद पुरे. त्या अ‍ॅझिथ्रोच्या तीन गोळ्यांचं सांगतो. २०१६ साली पाकिस्तानात, सिंधमधल्या हैदराबादेत, टायफॉईडचा असा जंतू पसरला की क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, कोट्रायमॉक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफ्ट्रियाक्झोन, पाचही निकामी. तोंडाने घ्यायचं खात्रीचं औषध एकच उरलं: अ‍ॅझिथ्रोमायसिन. टायफॉईडला ते किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या हिशेबाने लागतं, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला पाचशेच्या दोन गोळ्या रोज, सात दिवस, एकूण चौदा. सीमेपलीकडे जे एकमेव शिल्लक आहे, ते तुम्ही पडशाला तीन-तीन करून चघळताय, नि वर विचारताय की कुठलं चालू ठेवू. सिप्रोफ्लॉक्सासिन एकेकाळी टायफॉईडवर रामबाण होतं. आज आपल्याकडे ते टायफॉईडला भरवशाने देता येत नाही. बाण कुणी संपवला?

आणि लाज फक्त रुग्णांनी बाळगायची नाही. चाळीस रुग्णांच्या रांगेत प्रत्येकाला सुई मारून मोकळे होणारे माझे व्यवसायबंधू, "नाही दिलं तर पेशंट दुसरीकडे जातो" हे कारण मला सांगू नका. जाऊ दे.

उलटं टोकही गाठू नका. माणूस बरळतोय, धाप लागलीये, रक्तदाब पडलाय, लघवी कमी झालीये, तर अँटिबायोटिक तासाच्या आत गेलंच पाहिजे. तिथेसुद्धा सुईच्या आधी कल्चरच्या बाटल्या भरायला पाचच मिनिटं लागतात.

परवाच्या निरोपाला उत्तर: आणखी गोळी घेऊ नका, विडाल फाडून टाका. आजच हॉस्पिटलात जा, कल्चरचं रक्त द्या, मलेरियाची स्लाइड आणि डेंग्यूचं एनएस-वन करा, आणि आधी घेतलेल्या दोन डोसांची पट्टी डॉक्टरला दाखवा. लपवू नका. ताप आहे तोवर पॅरासिटामॉल आणि पाणी. रिपोर्टचा फोटो पाठवाल तेव्हा अंगठा बाजूला घ्या.